डाईंग-वॉशिंगच्या कचऱ्याचं काय करायचं? भिवंडी, डोंबिवली, उल्हासनगर, नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाईंग हाऊसचे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचे प्लांट) चालते करून देणं हे माझं काम. भिवंडीचे सायझिंगवाले (विणण्याआधी सुताला कांजी चढवणारे), डोंबिवली एमआयडीसीतले प्रोसेसवाले, उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यातले जीन्स वॉशिंगवाले, महापे-रबाळ्याकडचे गारमेंटवाले: माणसं वेगळी, प्रश्न तेच. फोनवर दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. नोटीस हातात पडण्याआधी वाचलंत तर जास्त उपयोगी पडेल.

आमच्याकडून नेमका कोणकोणता कचरा निघतो?

सगळ्यात मोठा कचरा म्हणजे पाणी. किलोभर सुती कापड धुऊन रंगवायला ऐंशी-शंभर लिटर पाणी सहज जातं, आणि त्यात कांजी, कॉस्टिक, साबण, कापडाला न चिकटलेला रंग आणि मीठ असतं. त्यानंतर ईटीपीचा गाळ. मग रंग-रसायनांचे रिकामे ड्रम, कारबॉय आणि पिशव्या, मशीनचं जळकं तेल, बॉयलरची राख. शेवटी कोरडा माल: चिंधी, काठ, तुटकं सूत, लिंट. यातला गाळ, ड्रम आणि तेल या तीन वस्तू भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत, एवढं आधी डोक्यात बसवा. बाकीचं पुढे येतंच.

ईटीपी आहे, ऑपरेटर आहे, केमिकलही टाकतो. तरी रिपोर्ट फेल का येतो?

दहातल्या सात-आठ ठिकाणी दोष इक्वलायझेशन टँकचा निघतो. प्रोसेस हाऊसचं पाणी तासातासाला बदलतं. सकाळी स्कावरिंगचं (कापड साफ करायचं) कॉस्टिकचं पाणी, दुपारी काळ्या शेडचा डायबाथ (रंगवायचं पाणी), संध्याकाळी ॲसिड वॉश. हे सगळं एका टाकीत बारा-चोवीस तास घुसळून एकजीव झालं, तरच पुढे चुना-हिराकस (फेरस सल्फेट) किती घालायचा याचा हिशेब बसतो. एका कारखान्यात कागदावर तीन मीटर खोल असलेल्या टाकीत मी बांबू घातला, तर तो जेमतेम एक मीटर आत गेला. खाली वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला. म्हणजे टाकी दोन-तृतीयांश बुजलेली आणि ऑपरेटर बिचारा रोज केमिकलचा डोस वाढवतोय. सल्लागाराला बोलावण्याआधी तुम्ही स्वतः बांबू घालून बघा, खर्च शून्य.

दुसरं कारण लॉगबुक. महिनाभर रोज पीएच ७.५, एकाच पेनाने, एकाच अक्षरात. अशी वही अधिकाऱ्याला फसवत नाही, ती मालकाला फसवते.

कायद्याने मर्यादा किती आहेत?

ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने कापड उद्योगासाठी सुधारित मानकं काढली. बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ हवा. बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, तरंगणारे घन पदार्थ १००, तेल-ग्रीस १०, एकूण क्रोमियम २, सल्फाइड २, फिनॉल १, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २१०० आणि रंग १५० पीसीयू (रंग मोजायचं एकक). पण तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत) जे आकडे छापलेत ते तुम्हाला लागू. पाणी सीईटीपीत (अनेक कारखान्यांच्या सामायिक ईटीपीत) जातं, खाडीत जातं की जमिनीवर, त्याप्रमाणे ते बदलतात. कन्सेंटची प्रत मालकाच्या कपाटात कुलूपबंद असते. ती ईटीपीच्या भिंतीवर लावा, ऑपरेटरला दिसू दे.

बाकी सगळं बसतं, टीडीएस काही केल्या उतरत नाही. कोणतं केमिकल टाकू?

कोणतंच नाही. या प्रश्नाचं उत्तर मी सविस्तर देणार आहे, कारण यात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो.

टीडीएस म्हणजे बहुतांशी मीठ. चुना, तुरटी, हिराकस, एरेशनचे (हवा देऊन वाढवलेले) जिवाणू, कार्बन फिल्टर यातलं काहीही मीठ काढत नाही. उलट चुना-हिराकस घालून तुम्ही ते थोडं वाढवताच. म्हणून मीठ येतं कुठून ते बघू.

समजा १०० किलो सुती कापड रिॲक्टिव्ह रंगात रंगवताय. सॉफ्टफ्लो मशीन, लिकर रेशो (कापडाला पाण्याचं प्रमाण) १ला ८, म्हणजे ८०० लिटरचा बाथ. गडद शेडला लिटरमागे ६० ग्रॅम मीठ धरलं तर झालं ४८ किलो. मीठ कापडात राहत नाही. ते फक्त रंगाला धाग्याकडे ढकलतं आणि सगळंच्या सगळं गटारात येतं. ब्लीचपासून सोपिंगपर्यंत या लॉटला एकूण ८,००० लिटर पाणी लागलं असेल, तर सगळं एकत्र केल्यावरही लिटरला ६,००० मिलिग्रॅम नुसतं मिठाचं. सोडा ॲश वेगळा. मर्यादा २१००.

आता गंमत बघा. ८०० लिटरचा बाथ सोडला की कापडात दोन-सव्वादोनशे लिटर पाणी अडकून राहतं, बाकीचं पावणेसहाशे लिटर निघून जातं आणि सोबत जवळपास ३५ किलो मीठ घेऊन जातं. पहिल्या धुलाईत उरलेल्यातलं आणखी नऊएक किलो निघतं. म्हणजे डायबाथ आणि पहिली धुलाई मिळून साडेअकराशे लिटर पाण्यात नव्वद टक्के मीठ, आणि उरलेल्या जवळपास सात हजार लिटरमध्ये फक्त दहा टक्के. आपण काय करतो? दोन्ही एका नाल्यात सोडतो, आठ हजार लिटर खारट करतो, आणि मग त्या आठ हजारांवर आरओ बसवायचं कोटेशन मागतो.

मशीनखाली दोन ड्रेन काढा. एक खारा, एक गोडा. खाऱ्या लाईनचं पाणी थोडं असल्यामुळे त्याचं बाष्पीभवन परवडण्याच्या जवळ येतं, आणि गोड्या लाईनचं पाणी साध्या ट्रीटमेंटनंतर पहिल्या धुलाईला परत वापरता येतं. दोन व्हॉल्व्ह, थोडा पाईप आणि डाईंग मास्टरला चार वेळा समजावणं, एवढंच. शेवटचं सगळ्यात अवघड.

त्याशिवाय लिकर रेशो ८ वरून ६ वर आणला तर त्याच शेडला ४८ ऐवजी ३६ किलो मीठ पुरतं. कमी मिठाचे रिॲक्टिव्ह रंगही बाजारात आहेत. आणि शेड पहिल्याच फटक्यात बसली पाहिजे. पार्टीने शेड नापास केली की स्ट्रिपिंग करून पुन्हा रंगवताना मीठ दुप्पट, पाणी दुप्पट, गाळ दुप्पट. म्हणून ईटीपीच्या बैठकीला लॅब डिप (शेडचा नमुना) करणारा पोरगा पण बसायला हवा. तसं होताना मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

रंग घालवायला आम्ही शेवटच्या टाकीत हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) टाकतो. चालतं ना?

पाणी पांढरं दिसतं खरं. पण क्लोरीन रंगाच्या रेणूंना तोडून क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगं तयार करतं, ती मूळ रंगापेक्षा त्रासदायक असू शकतात. हेच पाणी सीईटीपीत गेलं तर उरलेलं क्लोरीन तिथल्या जिवाणूंना मारतं. रिॲक्टिव्ह रंगातला वीस ते चाळीस टक्के भाग कापडाला न चिकटताच वाहून जातो. तो कमी कसा होईल तिकडे आधी लक्ष द्या.

आम्ही भिवंडीत फक्त सायझिंग करतो, रंग नाही. आम्हाला काय लागू?

तुमची कांजी. बीमवर चढवलेली कांजी पुढे प्रोसेस हाऊसमध्ये डिसायझिंगला काढावी लागते. सुती प्रोसेसिंगच्या एकूण बीओडीत निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या त्याचाच धरतात. म्हणजे भिवंडीत घातलेली कांजी डोंबिवलीच्या एरेशन टँकमध्ये फेस काढते. शिवाय पाळी संपल्यावर बॉक्समध्ये उरलेली कांजी गटारात ओतली जाते आणि दोन दिवसांत गटार आंबतं. रेसिपी मोजून लावा, उरलेली झाकून ठेवून त्याच दिवशी वापरा. कांजीच्या जागी पीव्हीए (कृत्रिम कांजी) वापरलं तर बीओडीचा आकडा कमी दिसतो. पण पीव्हीए सावकाश कुजतं, त्यामुळे सीओडी तुमच्या मानगुटीवर राहतोच.

सायझिंगवाल्यांचा दुसरा प्रश्न बॉयलरचा, तो खाली आहे.

जीन्स वॉशिंगचं वेगळं काय?

उल्हासनगरात वॉशिंगच्या कारखान्यांवर कारवाई झाल्यावर काही जण आजूबाजूच्या गावांत गेले. जागा बदलली, पाणी उल्हास-वालधुनीच्याच खोऱ्यात उतरतं. त्याच उल्हास नदीतून कल्याण-डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत पिण्याचं पाणी उचललं जातं.

तांत्रिकदृष्ट्या इंडिगो तितकासा अवघड नाही. तो पाण्यात न विरघळणारा रंग असल्यामुळे नीट बसवला तर खाली बसतो. त्रास होतो प्युमिस दगडाच्या भुकटीचा, लिंटचा आणि जीन्स फिकी करायच्या परमँगनेट स्प्रेचा. दगडाऐवजी सेल्युलेज एन्झाइम वापरलं तर बराच गाळ तिथेच वाचतो आणि मशीनचा ड्रमही घासला जात नाही. लिंटसाठी ईटीपीच्या तोंडाशी बारीक जाळी लावा आणि ती रोज साफ करा. परमँगनेट मारलेले कपडे मेटाबायसल्फाइटने न्यूट्रल केल्यावरच ते पाणी सोडा. स्प्रे मारणाऱ्या पोराला रुमाल नको, खरा मास्क द्या.

सल्फर ब्लॅकच्या दिवशी कारखान्यात सडक्या अंड्याचा वास येतो. धोक्याचं आहे का?

हो. सल्फर रंगाच्या बाथमध्ये सोडियम सल्फाइड असतं. त्यात ॲसिडचं पाणी मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सुरुवातीला वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास थांबतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं टाकीत उतरतात. ईटीपीच्या बंद टाकीत कुणालाही गॅस मीटर, हवा खेळवण्याची सोय, कमरेला दोर आणि बाहेर दुसरा माणूस असल्याशिवाय उतरवू नका. आधीचा आत कोसळला म्हणून दुसऱ्याने मागोमाग उडी मारायची नाही. सल्फरची लाईन आणि ॲसिडची लाईन इक्वलायझेशनच्या आधी कुठेही भेटता कामा नये.

ईटीपीचा गाळ कुठे द्यायचा?

२०१६च्या घातक कचरा नियमांत सांडपाणी प्रक्रियेतला रासायनिक गाळ पहिल्या परिशिष्टात ३५.३ क्रमांकावर आहे. त्यासाठी एमपीसीबीचं, म्हणजे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, ऑथरायझेशन लागतं. आपल्या भागातून तो मुख्यतः तळोज्याच्या सामायिक घातक कचरा केंद्रात जातो. योग्य परवानगीने सिमेंटच्या भट्टीत को-प्रोसेसिंगलाही देता येतो. कारखान्यात तो ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. पिशवीवर फॉर्म ८चं लेबल, गाडीसोबत फॉर्म १०चा मॅनिफेस्ट (वाहतुकीची चिठ्ठी), रोजची नोंद फॉर्म ३मध्ये आणि दरवर्षी ३० जूनच्या आत फॉर्म ४. शिक्का मारलेल्या मॅनिफेस्टची प्रत परत आल्याशिवाय काम संपलं असं धरू नका.

पैशाचं गणित सांगतो. केंद्र वजनावर पैसे घेतं. फिल्टर प्रेस नीट न दाबता काढलेल्या एक टन गाळात ८०० किलो पाणी असू शकतं. हाच गाळ छपराखाली वाळवून ओलावा ४० टक्क्यांवर आणला तर वजन राहतं ३३३ किलो. तळोज्यापर्यंत पाणी वाहून नेण्याचे पैसे तुम्ही भरताय, बाकी काही नाही.

गाळ मुळात कमी निघावा म्हणून चुना-हिराकसचा डोस जार टेस्ट (छोट्या बीकरांत वेगवेगळे डोस घालून बघणं) करून ठरवा. सहा बीकर, अर्धा तास. बहुतेक ठिकाणी डोस पाच वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलेला असतो आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

वीटभट्टीवाला फुकट न्यायला तयार आहे. शेतकरीही खत म्हणून मागतो.

देऊ नका. घातक कचरा दुसऱ्या उद्योगाला कच्चा माल म्हणून वापरायला नियम ९ खाली परवानगी लागते, आणि ती घेणाऱ्याकडे असली पाहिजे. खत म्हणून तर विषयच नको. गाळातले जड धातू आणि क्षार शेतात राहतात, दोन पावसाळ्यांनी पीक पिवळं पडलं की शेतकरी तुमच्याच दारात येतो.

एक टँकरवाला अर्ध्या किमतीत पाणी नेतो. पावतीही देतो.

पावती कशाची देतो ते वाचा. २०१४च्या अखेरीस उल्हासनगरात रात्री एका टँकरमधून वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. ते पाणी डाईंगचं नव्हतं, पण पद्धत हीच. टँकर पकडला गेला की पोलीस पहिला प्रश्न विचारतात, कुठून भरलास? अर्धी किंमत याच प्रश्नाच्या भीतीपोटी असते.

रिकामे ड्रम चाळीत पाणी भरायला विकतात, त्यात काय झालं?

हा प्रश्न ऐकला की मला राग येतो. निळा ड्रम धुतला की नवा दिसतो, पण प्लॅस्टिकच्या अंगात मुरलेलं रसायन हळूहळू पाण्यात उतरत राहतं. घातक रसायनांचे रिकामे ड्रम हेही त्याच नियमांखाली, क्रमांक ३३.१. ते अधिकृत ड्रम धुणाऱ्या केंद्राला किंवा ज्यांच्याकडून रसायन घेतलं त्यांना परत द्या. अगदीच नाही जमलं तर भोक पाडून द्या, म्हणजे त्यात कुणाच्या घरचं पाणी भरलं जाणार नाही.

चिंधीला भाव मिळत नाही. काय करावं?

कारण ती सरमिसळ असते. कटिंग टेबलखाली तीन पोती लावा: निव्वळ सुती पांढरी, निव्वळ सुती रंगीत, आणि पॉलिस्टर किंवा मिक्स. पांढऱ्या सुतीला सगळ्यात जास्त मागणी. पुण्यात स्वातंत्र्याच्या आधीपासून सुती चिंध्यांचा हातकागद बनतो, त्याला हाच माल लागतो. रंगीत सुती आणि होजियरी पानिपतकडे जाते, तिथे उकलून पुन्हा सूत होतं. मिक्सला भाव नसतोच, कारण कापूस आणि पॉलिस्टर यंत्राने वेगळे करणं अजूनही महाग आहे. पण तीन पोत्यांची चिंधी एका पोत्यात गेली की सगळ्यालाच मिक्सचा भाव मिळतो. झाडूवाल्या मावशींना दोन दिवस टेबलाजवळ बसवून शिकवा. त्यांच्याइतकं हाताला कापड ओळखणारं कारखान्यात दुसरं कुणी नसतं.

घरगुती जुन्या कपड्यांसाठी नवी मुंबई महापालिकेने वेगळ्या संकलनाची आणि वर्गीकरणाची सोय सुरू केली आहे. कारखान्याची चिंधी तिथे नेऊन टाकू नका, तो वेगळा विषय.

चिंधी बॉयलरमध्ये जाळली तर इंधन वाचेल ना?

पोटात कळ येईपर्यंत वाचेल. पॉलिस्टर, कोटिंग, रबर प्रिंट, रेक्झीन जाळायला तुमचा बॉयलर बनलेला नाही. रेक्झीनमधल्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो, तो ट्यूब खातो, आणि डायऑक्सिनही तयार होऊ शकतात. कन्सेंटमध्ये लिहिलेल्या इंधनाशिवाय दुसरं काही जाळणं हा सरळ कन्सेंटचा भंग आहे. भिवंडीत रात्री छतावर काजळी पडते, ती आभाळातून येत नाही.

आम्ही सीईटीपीचे सभासद आहोत. मग स्वतःचा ईटीपी कशाला?

सीईटीपी ठरावीक दर्जाचं पाणी घेण्यासाठी बांधलेला असतो. डोंबिवलीत कापड प्रक्रियेच्या पाण्यासाठी आणि रासायनिक कारखान्यांच्या पाण्यासाठी सीईटीपी वेगवेगळे ठेवलेत, ते पाण्याचा स्वभाव वेगळा म्हणूनच. तुम्ही १२ पीएचचं पाणी चेंबरमध्ये सोडलंत तर शेजारच्या पन्नास जणांचं पाणी साफ करणारे सीईटीपीतले जिवाणू मरतात आणि दंडाची विभागणी सगळ्यांवर होते. डोंबिवलीकरांना २०१४चा हिरवा पाऊस आणि २०२०चा गुलाबी रस्ता अजून आठवतो. तेव्हापासून चूक कोणाचीही असो, बोट सगळ्या एमआयडीसीकडे जातं.

झेडएलडी (सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं) करावं का?

तिरुपूरला ते करावंच लागलं. २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले, त्यानंतर एकेक करून ते झेडएलडीवर आले. पाणी परत मिळतं, पण इव्हॅपोरेटरचं वाफेचं आणि विजेचं बिल मोठं असतं, आणि शेवटी हाती उरतं मिश्र मीठ. ते कुठे ठेवायचं हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. म्हणून वर सांगितलेली दोन ड्रेनची गोष्ट आधी करा. झेडएलडी आठ हजार लिटरवर बसवायचं की साडेअकराशेवर, ते तुमच्याच हातात आहे.

नवी मुंबईत प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळतं म्हणे. ते डाईंगला चालेल?

महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोलीत रोज प्रत्येकी दोन कोटी लिटरचे टर्शरी (आणखी एक टप्पा शुद्ध करणारे) प्लांट उभारलेत, ते पाणी टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या उद्योगांसाठी आहे. कूलिंग, बॉयलरचं फीड (सॉफ्टनर लावून), फरशी धुणं, पहिल्या धुलाया, यांना चालतं. फिक्या शेडच्या डायबाथसाठी आधी कडकपणा आणि लोह तपासा. लोह जास्त असेल तर पांढऱ्यावर डाग पडतात आणि शिव्या मला मिळतात.

पावसाळ्यात काय काळजी?

जूनच्या आधी गाळाच्या छपराचे पत्रे, इक्वलायझेशन टँकचा कठडा आणि पावसाच्या पाण्याची वेगळी गटारं बघून घ्या. पावसाचं पाणी ईटीपीत शिरलं की टाकी भरून वाहते, आणि रंगीत पाणी सरळ बाहेर जातं. 'पावसात कुणाला कळतंय' म्हणून व्हॉल्व्ह उघडणारे आहेत. पावसाळ्यात नाल्याकडे लक्ष ठेवणारेही जास्त असतात.

मी कारखानदार नाही, रहिवासी आहे. नाला लाल वाहताना दिसला तर काय करू?

आधी वेळ आणि जागा टिपून फोटो काढा. मग नाल्याच्या वरच्या बाजूला चालत जा आणि रंग कुठल्या चेंबरपासून सुरू होतो ते बघा, तोच खरा पुरावा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा खळबळून भरून घ्या, मात्र हातमोजे घालून. भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथसाठी एमपीसीबीचं कल्याण प्रादेशिक कार्यालय, नवी मुंबईसाठी तिथलं. तक्रार ऑनलाइन करा आणि क्रमांक जपून ठेवा. कोर्टात तुमची बाटली चालणार नाही, नमुना अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. पण तुमचा फोटो आणि चेंबरची जागा हातात असली की तो अधिकारी नेमका कुठे आणि किती वाजता यायला हवा हे ठरतं. बहुतेकदा ती वेळ पहाटे तीन ते पाच असते.